गंगापूर धरणाच्या पाण्यावर उपग्रहाचा रंग-सेन्सर तपासायचा कसा

समुद्राचा रंग मोजणारा उपग्रह वरून जो प्रकाश टिपतो, त्यातला निळ्या पट्ट्यातला साधारण ९० टक्के प्रकाश पाण्यात शिरलेलाच नसतो. तो हवेतून विखुरून थेट वर आलेला असतो. पाण्याची बातमी उरलेल्या १० टक्क्यांत. म्हणून सेन्सरच्या मापात एक टक्का चूक राहिली, की पाण्याच्या आकड्यात ती दहा टक्के होऊन बसते. प्रयोगशाळेतलं कॅलिब्रेशन कितीही चोख असलं, तरी उड्डाणानंतर ते इतकं बारीक टिकत नाही. मग पाण्यावर जाऊन मोजावं लागतं.

मोजल्यावर करायचं काय, यात मात्र दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिलं काम म्हणजे सेन्सरचा गुणक काढणं. पाण्यातून बाहेर येणारा प्रकाश मोजायचा, त्यावर हवेचा प्रकाश गणिताने चढवायचा, म्हणजे उपग्रहाला किती दिसायला हवं होतं ते कळतं. त्याला प्रत्यक्ष दिसलेल्या आकड्याने भागलं की त्या पट्ट्याचा गुणक मिळतो. त्याआधी अवरक्त पट्टे दक्षिण प्रशांत महासागरासारख्या अतिस्वच्छ पाण्यावर जुळवून घेतात, दृश्य पट्ट्यांची पाळी नंतर. हे काम हवाईतल्या लानाई बेटाजवळच्या ‘मोबी’ तरंगत्या केंद्रावर १९९७ पासून चालू आहे. भूमध्य समुद्रात ‘बूसोल’ हे केंद्र आहे, आणि आपल्या ओशनसॅटसाठी इस्रोने लक्षद्वीपमधलं कवरत्ती निवडलं. तिथलं पाणी निळंशार आणि एकसारखं, हवेत धूळ कमी, किनारा दूर. एवढं असूनही एका दिवसाच्या मोजणीवर कोणी गुणक ठरवत नाही. पाण्यावरची मोजणी आणि त्याच वेळचं उपग्रहाचं वाचन अशा तीस-चाळीस उत्तम जोड्या जमल्या की सरासरी स्थिर होते.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर यातलं काहीच नाही. पाणी गढूळसर, हवा जमिनीवरची, काठ जवळ. इथल्या मोजणीतून कोणी समुद्राच्या सेन्सरचा गुणक काढून दिला तर तो खुशाल बाजूला ठेवावा. दुसरं काम इथे उत्तम होतं, ते म्हणजे पडताळणी: उपग्रह आणि हवा काढून टाकणारं सॉफ्टवेअर मिळून पाण्याचा जो रंग सांगतात, तो खरा आहे का ते पाहणं. मोजायची रीत दोन्ही कामांत तीच. नाशकात हात बसला की समुद्रावर वेगळं शिकावं लागत नाही.

दिवस, वेळ आणि जागा

जून ते सप्टेंबर विसरा. ढग असतातच, शिवाय त्र्यंबकच्या डोंगरांतून उतरलेला गाळ पाण्यात असतो. दिवाळीनंतर पाणी निवळू लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ, कारण सूर्य पुरेसा कललेला असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशकात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास उपग्रहाच्या वेळेला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि पुढे दिलेले कोन कितीही नीट लावले तरी पाण्यावरची चकाकी सेन्सरमध्ये घुसते. सूर्य खमध्यापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) २० अंशांच्या आत असेल तर मोजणी करू नका. ३० ते ६० अंश असला की निवांत काम होतं.

युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह नाशिकवरून सकाळी ११ ते ११:३० च्या दरम्यान जातो. ओशनसॅट-३ (प्रक्षेपण २६ नोव्हेंबर २०२२) विषुववृत्त स्थानिक दुपारी बाराच्या सुमाराला ओलांडतो. नाशिकची सौर वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे असल्याने इथे तो साडेबाराच्या आगेमागे धरावा. मोजणी उपग्रहाच्या वेळेच्या आगेमागे एक तासात उरका. खुल्या समुद्रावर तीन तासांपर्यंत सूट देतात, पण धरणात वारा फिरला किंवा कालव्याला आवर्तन सोडलं की एका तासातही पाणी बदलतं.

जागा निवडताना आधी पिक्सेलचा विचार करा. सेंटिनेल-२ चे पिक्सेल १०, २० आणि ६० मीटरचे. ४४३ नॅनोमीटरचा निळा पट्टा ६० मीटरचा आहे. काठापासून ३०० मीटर आत गेलात तरी भागतं. सेंटिनेल-३ वरच्या ओल्सी या सेन्सरचा पिक्सेल ३०० मीटरचा आणि ओशनसॅटचा त्याहून थोडा मोठा. तीन गुणिले तीन पिक्सेल घ्यायचे म्हटले, तरी जवळपास एक किलोमीटरचा चौकोन निखळ पाण्याचा हवा. जलाशय भरलेला असताना असा चौकोन कुठे बसतो ते नकाशावर मापून बघा. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्याच चौकोनात चिखल येतो. काठाचा नकाशा त्याच महिन्याच्या प्रतिमेवरून काढा, गेल्या वर्षीचा चालवू नका.

सेकी चकती (पाण्याचा नितळपणा मोजायला दोरीने खाली सोडायची चकती) जितक्या खोलीवर दिसेनाशी होते, त्याच्या किमान तिप्पट खोली असू द्या, नाहीतर तळाचा रंग मोजला जातो. नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांसाठी छान आहे, या कामासाठी नाही: उथळ पाणी, पाणवनस्पती आणि गाळ. शहरातलं गोदापात्र अरुंद, त्यामुळे तेही बाद.

परवानगीशिवाय बोट पाण्यात घालू नका. धरण जलसंपदा विभागाचं, शहराचं पिण्याचं पाणी इथूनच जातं आणि भिंतीजवळचा भाग प्रतिबंधित असतो. बोटीचा प्रकार, माणसं किती, रसायन पाण्यावर नेणार की नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा. (नेऊ नका. हरितद्रव्य काढायचं अ‍ॅसिटोनचं काम प्रयोगशाळेतच करायचं असतं.)

सामान

मुख्य उपकरण स्पेक्ट्रोरेडिओमीटर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणारा, किमान ४०० ते ९०० नॅनोमीटर मोजणारा. त्याला ८ अंशांची नळी लावा. उघडी फायबर २५ अंशांचं बघते: दोन मीटर उंचीवरून ४० अंशांत धरली तर पाण्यावर सव्वा मीटरच्या आसपास रुंद ठिपका पडतो आणि त्यात बोटीची कड येण्याची भीती राहते. ८ अंशांच्या नळीने तोच ठिपका ३५-४० सेंटीमीटरचा होतो.

दुसरी वस्तू म्हणजे पांढरी संदर्भ प्लेट, ९९ टक्के परावर्तनाची, प्रमाणपत्रासह. वरून खाली किती प्रकाश येतो ते तिच्यावरून कळतं. तिच्यावर बोट लागलं तर कापडाने पुसू नका, तेलकट डाग पसरतो. वाहत्या पाण्याखाली २२० ते २४० नंबरच्या वॉटर पेपरने हलक्या हाताने गोल फिरवत घासा आणि सावलीत वाळवा. दरवेळी घासायची गरज नसते, पण हंगामात एकदा दुसऱ्या न वापरलेल्या प्लेटशी ताडून बघा.

याशिवाय हातात धरायचा सन-फोटोमीटर (थेट सूर्यप्रकाशावरून हवेतले धूलिकण मोजणारा), वारा मोजायचं यंत्र, जीपीएस, कोनमापक बसवलेली दांडी, छोटी पाणसळ, २० सेंटीमीटरची काळी-पांढरी सेकी चकती आणि नमुन्यासाठी गडद बाटल्या. दांडीला प्लॅस्टिकचा दीड-दोन मीटरचा पाइप चालतो, मात्र तो मॅट काळ्या रंगाने रंगवा.

सगळी घड्याळं जागतिक वेळेवर लावा. उपग्रहाची वेळ ०५:४० अशी येते आणि वहीत ११:१० लिहिलेलं असतं. साडेपाच तासांची वजाबाकी घाईत उलटी होते आणि चांगली जोडी बाद होते.

बोटीवर

इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. पंख्याने उसळलेले बुडबुडे आणि ढवळलेला गाळ मोजणीत आला, तर पाणी आहे त्याहून उजळ दिसतं. मोजणारा बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहील आणि बोटीची सावली मोजायच्या पाण्यावर पडणार नाही, अशी बोट वळवा. मोजणाऱ्याने गडद, मॅट कपडे घालावेत. लाइफ जॅकेट घालायलाच हवं, पण भगवं जॅकेट प्लेटपासून हातभर अंतरावर असलं, की ६०० नॅनोमीटरच्या पुढे प्लेटचं वाचन फुगतं आणि पाण्याचं परावर्तन तिथेच कमी निघतं. जॅकेटवर काळं कापड चढवा, किंवा प्लेट दांडीवर पुढे धरा.

आता कोन. सेन्सर पाण्याकडे धरताना उभ्या रेषेपासून ४० अंश कलता, आणि सूर्याच्या दिशेपासून आडवा १३५ अंश फिरवलेला. आकाशाकडे धरताना आडवी दिशा तीच, फक्त सेन्सर वर, खमध्यापासून ४० अंश कलता. उदाहरण घ्या. डिसेंबरअखेर सव्वा अकराला नाशकात सूर्य उत्तरेपासून मोजला तर सुमारे १५५ अंशांवर असतो, खमध्यापासून साधारण ४७ अंश खाली. मग सेन्सर २९० अंशांकडे, म्हणजे पश्चिम-वायव्येला धरा, नाहीतर २० अंशांकडे, म्हणजे उत्तरेच्या किंचित पूर्वेला. दोन्ही दिशा बरोबर आहेत. ज्या बाजूला बोट, माणूस आणि डोंगर नाही ती घ्या. कंपास इंजिनजवळ धरू नका, लोखंडामुळे काटा सरकतो. सावलीवरून दिशा ठरवणं जास्त भरवशाचं.

क्रम असा ठेवा: प्लेट दहा वाचनं, आकाश दहा, पाणी तीस, पुन्हा आकाश पाच, पुन्हा प्लेट दहा. पहिल्या वाचनापासून शेवटच्यापर्यंत पाच-सहा मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. प्लेट पाणसळीने सपाट धरलेली हवी: सूर्य ४७ अंशांवर असताना प्लेट दोन अंश कलली, तरी वाचन साडेतीन टक्क्यांच्या घरात हलतं. सुरुवातीची आणि शेवटची प्लेट तीन टक्क्यांहून जास्त फरक दाखवत असेल तर मधून पातळ ढग गेला आहे किंवा प्लेट कललेली आहे. तो संच सोडा, पुन्हा घ्या. ‘सरासरी काढली की झालं’ हा इथला सगळ्यात महाग शॉर्टकट.

पाण्याची वाचनं उपकरणाला आतल्या आत सरासरी करू देऊ नका. तीस सुटी वाचनं साठवा. लाटेच्या एखाद्या पैलूवरून सूर्य चमकला की ते वाचन सगळ्या पट्ट्यांत एकदम उडी मारतं. सुटी वाचनं असली तर ८०० नॅनोमीटरच्या आसपास चढता क्रम लावून खालची २०-२५ टक्के ठेवता येतात. सरासरीत मिसळलेली चकाकी मागाहून काढता येत नाही.

प्लेट पाण्याच्या कितीतरी पट उजळ असते, म्हणून एक्स्पोजरचा काळ वेगळा लागतो. प्लेटवर संपृक्त झालेलं वाचन वरून सपाट कापल्यासारखं दिसतं, ते जागेवरच ओळखा. काळ बदलला की डार्क करंट (सेन्सर झाकून घेतलेलं, प्रकाशाशिवायचं वाचन) पुन्हा घ्या. उपकरण उन्हात तापतं, त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी डार्क घेतलेला बरा. वर ओलं पांढरं कापड टाकलं तरी बराच फरक पडतो.

वारा सेकंदाला ५ मीटरच्या खाली असू द्या. सन-फोटोमीटरची वाचनं प्रत्येक संचाआधी आणि नंतर, तीन-तीन. सूर्यासमोर नुसत्या डोळ्याला न दिसणारा पातळ ढग असला तर ही तीन वाचनं आपसांत जुळत नाहीत, आणि तोच त्याचा पुरावा. सेकी चकती बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडा. पाण्याचा नमुना वरच्या अर्ध्या मीटरमधून घ्या आणि बाटली थंड, अंधाऱ्या पेटीत ठेवा.

नमुना त्याच दिवशी गाळा. हरितद्रव्यासाठी ४७ मिलिमीटरचा ग्लास फायबर फिल्टर, ०.७ मायक्रॉनचा. कागदावर रंग दिसेपर्यंत पाणी गाळायचं. इथे २०० ते ५०० मिलीलिटर बहुधा पुरतं. ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अंधारात, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून ६६४, ६४७, ६३० आणि ७५० नॅनोमीटरला वाचा. ७५० चं वाचन बाकी तिन्हींतून वजा करा, तो निव्वळ गढूळपणा असतो. गाळाच्या वजनासाठी आधी तोललेला फिल्टर १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. समुद्रात आधी मीठ धुवून काढावं लागतं, धरणात ती कटकट नाही.

आकडेमोड

सूत्र एका ओळीचं आहे:

परावर्तन = (पाण्याचं वाचन − रो × आकाशाचं वाचन) ÷ खाली येणारा प्रकाश

खाली येणारा प्रकाश म्हणजे प्लेटचं वाचन गुणिले पाय (π, ३.१४), भागिले प्लेटचं परावर्तन. तिन्ही वाचनं एकाच उपकरणाची असतील, तर त्याचं निरपेक्ष कॅलिब्रेशन वर-खाली छेदून जातं. हा प्लेटच्या पद्धतीचा मोठा फायदा, आणि कमी खर्चात काम करणाऱ्यांनी हीच धरावी. खाली येणाऱ्या प्रकाशासाठी वेगळा सेन्सर वापरलात, तर मात्र दोन्ही सेन्सर वर्षातून किमान एकदा प्रमाणित दिव्यावर तपासून आणावे लागतात.

रो म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून आकाशाचा किती हिस्सा परत येतो तो. निरभ्र आकाश आणि मंद वारा असेल तर ०.०२८ धरतात. वाऱ्याचा वेग माहीत असेल तर ०.०२५६ + ०.०००३९ × वेग + ०.००००३४ × वेगाचा वर्ग. या आकड्याचं वजन कुठे पडतं ते बघा. समजा ४४३ नॅनोमीटरला पाणी ७.०, आकाश ७० आणि खाली येणारा प्रकाश १००० आला. रो ०.०२८ ने परावर्तन ०.००५० येतं, ०.०३५ धरला तर ०.००४६, म्हणजे जवळपास दहा टक्के खाली. ५६० नॅनोमीटरला पाणी १७, आकाश ४०, प्रकाश १०५० असेल तर तोच बदल दोन टक्क्यांच्या आतच राहतो. हिरवा पट्टा आळशी मोजणीही माफ करतो, निळा करत नाही. स्वतःचं काम तपासायचं असेल तर आधी निळा पट्टा बघावा.

अवरक्त पट्ट्यात उरलेला आकडा शून्य मानून सगळ्या वर्णपटातून वजा करायची सवय खुल्या समुद्रातली आहे. गढूळ पाण्यात गाळामुळे तिथे खरंच परावर्तन असतं, त्यामुळे ही वजाबाकी इथे करू नका. त्याऐवजी ७२० आणि ७८० नॅनोमीटरच्या परावर्तनांचं गुणोत्तर काढा. मध्यम गढूळ पाण्यात ते २.३५ च्या जवळ यायला हवं. बरंच कमी आलं तर चकाकी शिल्लक आहे.

शेवटी हा सलग वर्णपट उपग्रहाच्या पट्ट्यांत आणा. पट्ट्याच्या मध्यबिंदूवरचा आकडा उचलू नका. पट्ट्याच्या प्रतिसाद-वक्राने (कोणत्या तरंगलांबीला तो पट्टा किती प्रकाश टिपतो ते दाखवणाऱ्या) पाण्याचा प्रकाश आणि खाली येणारा प्रकाश वेगवेगळे तोलून मग भागाकार करा. सेंटिनेल-२ च्या ए, बी आणि सी यानांचे वक्र सारखे नाहीत. कोणतं यान होतं ते फाइलच्या नावातच असतं.

प्रतिमेकडे

सेंटिनेलच्या प्रतिमा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाकडून आणि ओशनसॅट-३ च्या इस्रोच्या भूनिधी पोर्टलवरून मिळतात. सेंटिनेल-२ ची तयार ‘पृष्ठभाग परावर्तन’ प्रतिमा शेतीसाठी ठीक, पाण्यासाठी नको. हवा काढून टाकायला अ‍ॅकोलाइट किंवा सी२आरसीसी हे सॉफ्टवेअर वापरा. सी२आरसीसीची मूळ मांडणी समुद्राची असते, क्षारता ३५ वगैरे. ती शून्याजवळ आणा आणि तापमान मोजलेलं भरा. उंचीही तपासा. धरण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब साधारण सात टक्के कमी आणि हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाशही तितकाच कमी. सॉफ्टवेअरने उंची शून्य धरली, तर ते निळ्यातून गरजेपेक्षा जास्त वजा करतं आणि परावर्तन ऋण येऊ शकतं.

आणखी एक खड्डा: २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या फाइलींत प्रत्येक आकड्यावर १००० चढवलेले असतात. ते वजा करून मग १०,००० ने भागायचं. जुन्या स्क्रिप्टने नवी फाइल वाचली, की सगळं पाणी ०.१ ने उजळ होतं.

मोजणीच्या बिंदूभोवती पाच गुणिले पाच पिक्सेलचा चौकोन घ्या, ओल्सीसाठी तीन गुणिले तीन. निम्म्याहून जास्त पिक्सेल निर्दोष हवेत. प्रमाण विचलन भागिले सरासरी ०.१५ च्या वर गेलं, तर पाणी एकसारखं नव्हतं, ती जोडी सोडा. चौकोनाचा मध्यक घ्या. सॉफ्टवेअर काय देतं तेही पाहा: काही पाय-ने गुणलेलं परावर्तन देतात, काही न गुणलेलं. फरक नेमका ३.१४ पट आला तर शोधाशोध करू नका.

आकडे जुळले नाहीत तर

सगळे पट्टे एकाच प्रमाणात वर किंवा खाली असतील तर दोष बहुधा प्लेटचा, म्हणजे ती कललेली, मळकी किंवा सावलीत होती. सगळ्या पट्ट्यांत साधारण सारखाच आकडा जास्त असेल तर चकाकी. तुमच्या वाचनात की प्रतिमेत, ते ७२०-७८० च्या गुणोत्तरावरून कळतं. फक्त निळा बिघडला असेल तर सन-फोटोमीटरचा आकडा सॉफ्टवेअरने काढलेल्या धूलिकणांच्या आकड्याशी ताडा. हिवाळ्यात नाशिकच्या खोऱ्यात सकाळी धुरकट थर बसतो आणि त्यातला प्रकाश शोषणारा धूर बहुतेक मॉडेलांना नीट जमत नाही. ७०५ ते ८६५ मध्ये उपग्रह जास्त दाखवत असेल आणि बिंदू काठाजवळ असेल, तर काठावरच्या हिरवाईचा प्रकाश हवेतून पाण्याच्या पिक्सेलमध्ये सांडला आहे. एकाच दिवशी काठापासून २००, ४०० आणि ८०० मीटरवर मोजा. फरक अंतराबरोबर कमी होत गेला तर निदान पक्कं.

दहा-पंधरा जोड्या जमेपर्यंत टक्केवारी जाहीर करू नका. जमल्यावर सरासरीपेक्षा उपग्रह भागिले मोजणी या गुणोत्तराचा मध्यक द्या, प्रत्येक पट्ट्याचा वेगळा. कच्ची वाचनं, डार्क, प्लेटचं प्रमाणपत्र, वाऱ्याचे आकडे आणि आकाशाचा फोटो प्रत्येक बिंदूच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. रो नंतर बदलावासा वाटला, तर याच कच्च्या वाचनांवरून सगळं पुन्हा काढता येतं.